न पाहिलेलं मूल

मुकादमाला आयुष्यात त्रेचाळीस माणसं सापडली होती आणि त्यांतलं एकही जिवंत नव्हतं. हे वाक्य त्याचंच. उत्खननावर नवे कामगार आले की पहिल्याच दिवशी तो त्यांना हे ऐकवायचा आणि त्यांचे चेहरे पडले की पोट धरून हसायचा. मग म्हणायचा, "घाबरू नका रे. मेलेली माणसं फार शहाणी. कामात लुडबुड करत नाहीत."

शहराबाहेरच्या टेकाडाखाली चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती गाडलेली होती. अठ्ठावीस हिवाळे मुकादम तिथे, किंवा तिथल्यासारख्या दुसऱ्या टेकाडांवर, माती उकरत आला होता. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण माती वाचावी ती त्यानेच. आजूबाजूच्यापेक्षा जराशी काळसर, जराशी भुसभुशीत माती दिसली की तो हात वर करायचा आणि सगळ्या कुदळी थांबायच्या. मग तो पालथा पडायचा, थापी बाजूला ठेवायचा आणि लाकडी काडी अन् ब्रश घेऊन कामाला लागायचा. कवटी उघडी करताना श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.

"मुकादम, तुम्ही सर्जन व्हायला हवं होतं," उत्खननाच्या प्रमुख मॅडम म्हणायच्या. त्या त्याच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान होत्या, हाडं वाचण्यात तयार.

"नको मॅडम. माझे पेशंट ओरडत नाहीत, तेच बरं आहे."

मोसम संपायला दहा-बारा दिवस उरले असताना चौथ्या खड्ड्यात, चुलीच्या राखेला लागून, त्याला ती दोन मडकी दिसली. आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. आत काय असणार हे खड्ड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. या वस्तीतले लोक तान्ही मुलं गेली की त्यांना असंच मडक्यांत घालून घरातल्याच जमिनीखाली पुरत, आणि वरची जमीन पुन्हा चोपून तिथेच राहत. अशी अकरा मडकी आधी निघाली होती. त्यांतली पाच मुकादमाने स्वतः उघडली होती. ज्या दिवशी मडकं निघे, त्या दिवशी तो एकही विनोद करत नसे. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

वरचं खापर चिरलेलंच होतं. त्याने एकेक तुकडा उचलून क्रमाने पाटीवर मांडला. आत झिरपलेली माती ब्रशने काढत काढत तो खाली गेला. कवटीचे पापुद्रे दिसले. मांडीचं हाड दिसलं, त्याच्या करंगळीहून जेमतेम मोठं. आणि मग मातीत काहीतरी लाल चमकलं. मणी. एक, दोन, सात, मग आणखी कितीतरी. दोरा केव्हाच कुजून गेला होता, तरी मणी ओळ धरून बसले होते. छातीवरून जाऊन, मानेखालून फिरून, पुन्हा छातीवर. माळ मोठी होती म्हणून तिचे तीन वेढे घातले होते.

मॅडम खड्ड्यात उतरल्या. त्यांनी हाडाची लांबी मोजली, पुन्हा मोजली आणि तशाच उकिडव्या बसून राहिल्या.

"हे जन्मतानाच गेलेलं आहे, मुकादम. फार तर त्याच दिवशी."

"मग माळ कशी?"

"तेच म्हणतेय मी."

कारण आजवरची सगळी मडकी एका ठरलेल्या रीतीची होती. जी मुलं चार-सहा महिने जगली, त्यांच्याजवळ काहीतरी असायचं. एखादी वाटी, शिंपला, हाडाचा खुळखुळा. पण जन्मताच गेलेल्यांजवळ काही नाही. साधी मडकी, मागच्या भिंतीच्या कडेला, घाईघाईने पुरलेली. मॅडमनी त्यावर एक मोठा लेखही लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की जन्मलेलं मूल त्या लोकांच्या लेखी लगेच माणूस होत नसे. काही दिवस जगायचं, घरच्यांनी त्याला आपलं म्हणायचं, त्यानंतर ते कुणीतरी व्हायचं. त्याआधी गेलेल्याला ना वाटा, ना ओळख.

आणि आता हे. चुलीजवळच्या उबेच्या जागी, आणि गळ्यात माळ. मॅडमनी एक मणी उजेडात धरून त्याला दाखवला. भोकाच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. "वर्षानुवर्षं कुणीतरी मोठ्या बाईने गळ्यात घातलेली माळ आहे ही," त्या म्हणाल्या. "तिने ती काढून याला घातली. रीत मोडून."

मुकादमाने हातातला ब्रश खिशात ठेवून दिला.

घरी बायको खिडकीपाशी बसून काजं करत होती. एका शिंप्याच्या कारखान्यासाठी ती शर्टांची काज-बटणं करायची. पंचवीस वर्षं झाली होती. चष्म्याचा नंबर वाढत गेला, पण टाका कधी वाकडा गेला नाही. दोघांच्याही पोटापाण्याला नजर आणि बोटं लागत, यावरून ती पूर्वी गमतीने म्हणायची, "आपल्या घरात एक माती उसवतो, एक कापड शिवते."

मुकादम हात धुऊन जेवायला बसला, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"काय झालं?"

"काही नाही. चौथ्या खड्ड्यात लहान बाळ निघालं."

"लहान म्हणजे केवढं?"

"जन्मलेलंच."

तिने सुई शर्टात टोचून ठेवली. आजवर तिने त्याच्या कामाबद्दल काही विचारलं नव्हतं. दरवर्षी मोसमाच्या शेवटी मॅडम कामगारांच्या घरच्यांना खड्डे बघायला बोलवत. इतरांच्या बायका-मुलं डबे घेऊन जत्रेला आल्यासारखी येत. ही कधी आली नव्हती. त्या संध्याकाळी म्हणाली, "परवा तुमच्याकडे पाहुण्यांचा दिवस ना? मी येते."

ती आली. ऊन डोक्यावर होतं. खड्ड्याच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी ती उभी राहिली आणि मॅडम जे सांगत होत्या ते मान न हलवता ऐकत राहिली. रीत, माळ, झिजलेली भोकं, सगळं. बाकीचे पुढच्या खड्ड्याकडे सरकले. ती तिथेच.

"मुलगा होता की मुलगी?" तिने विचारलं.

"ते नाही कळत हो," मॅडम म्हणाल्या. "एवढ्या लहान बाळाच्या हाडांवरून सांगता येत नाही."

"म्हणजे ज्याने बघितलं, त्यालाच ठाऊक."

"हो. त्यांनाच."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं नाही. मुकादमाने दोरीची गाठ उगाच पुन्हा आवळली.

त्याचं असं होतं. एकतीस वर्षांपूर्वी, तो अजून विहिरी खणायच्या कामावर असताना, बायकोचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. रुग्णालयाच्या लांबलचक बोळात तो भिंतीला टेकून उभा होता. हिरव्या रंगाची भिंत, खाली पोपडे गेलेले. नर्स बाहेर आली. बाळ गेल्याचं तिने सांगितलं आणि विचारलं, "बघणार का?" त्याने मान हलवली. नाही. मग एका कागदावर सही घेतली. रुग्णालय पुढचं सगळं बघून घेईल, असं त्यावर होतं. सही केली आणि तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. त्याच्या बाळाला कुणी उचललं, कशात गुंडाळलं, कुठे नेलं, त्याने विचारलं नाही. सत्तावीस वर्षांचा होता. विचारलं तर ते खरं होईल, असं काहीतरी त्याला वाटलं होतं.

बायको दोन दिवस तापाने बेशुद्धच होती. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं बाळाचंच विचारलं. जिभेला हाड नसतं म्हणतात. तो बोलून गेला, "मुलगा होता. मी स्वतः नेला. दफनभूमीत मागच्या अंगाला झाड आहे, त्याच्याखाली नीट ठेवला." एकदा म्हटल्यावर माघार कशी घ्यायची? ती हिंडू-फिरू लागल्यावर तो तिला तिथे घेऊनही गेला. खरोखरच एक झाड होतं. ती त्याच्याखाली थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "चला." पुन्हा कधी आली नाही. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. कधीकाळी विषय निघालाच तर तो म्हणायचा, "आज असता तर एवढा झाला असता." ती काहीच म्हणायची नाही.

टेकाडावरून घरापर्यंत अर्ध्या तासाची वाट. दोघं पुढे-मागे चालत आली. घरी येऊन तिने पाणी प्यायलं, पेला पालथा घातला आणि पाठमोरीच विचारलं,

"तुम्ही तिला बघितलं होतं का?"

तिला. एवढा एक शब्द. मुकादम उंबऱ्यातच खाली बसला.

"मी शुद्धीत होते," ती म्हणाली. "ताप नंतर चढला. सुईण दुसरीला म्हणाली, मुलगी गं, केवढं जावळ आहे बघ. मी ऐकलं. हात पुढे केला, पण तोवर त्यांनी नेली. मग तुम्ही आलात आणि म्हणालात, मुलगा होता."

"एवढी वर्षं... तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही उन्मळून पडला होतात. वाटलं, माझ्यासाठी म्हणून खोटं बोललात. गिळलं. उद्या सांगतील, परवा सांगतील, म्हणून वाट बघितली. मग वाट बघायचीही सवय होते." ती वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि तेच त्याला सोसवेना. "झाडाखाली तुम्ही मला नेलंत ना, त्या दिवशी मी जमीन बघितली. गवत होतं. वर्षानुवर्षं कुणी न खणलेलं गवत. तुम्हाला आता कळतं माती वाचायला. मला तेव्हाच कळलं होतं."

"मी घाबरलो होतो गं."

"माहीत आहे. घाबरलात ते मी केव्हाच माफ केलं. पण नंतर तुम्ही हे काम धरलंत. कुणाकुणाची मुलं श्वास रोखून, ब्रश मारून उचलता. घरी येऊन सांगता, अमक्याचं बोटभर हाड वाचवलं, तमक्याचा दात वाचवला. मी ऐकून घ्यायची आणि काजं करायची. आपलीला तुम्ही मान वर करून पाहिलंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धाकट्या बहिणीकडे निघून गेली. भांडून नाही. कारखान्याचे शर्ट पूर्ण करून, घडी घालून ठेवले, जेवण झाकून ठेवलं आणि गेली. "किती दिवस?" त्याने विचारलं. "बघते," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मडकी उचलायची होती. हाडं इतकी नाजूक होती की भोवतालच्या मातीसकट प्लॅस्टर लावून अख्खा ठोकळा काढायचं ठरलं. हे काम मुकादमाशिवाय कुणाला जमणारं नव्हतं. त्याने ओल्या कागदाचे थर दिले, पट्ट्या गुंडाळल्या, खालून फळी सरकवली. सगळं झालं, चौघांनी ठोकळा धरला, आणि हा मधेच हात काढून उभा राहिला.

"मुकादम?"

"मॅडम, एक विचारू?" "जन्मून न रडलेलं मूल. ते माणूस की नाही?"

मॅडमनी आधी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी इतरांना ठोकळा खाली ठेवायला सांगितला आणि चहाला पाठवून दिलं. मग त्या खड्ड्याच्या पायरीवर त्याच्याशेजारी बसल्या. त्याने त्यांना सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी.

मॅडमनी ठोकळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी लेखात लिहिलं, माणूस नाही म्हणून. अकरा मडक्यांवरून लिहिलं. आता वाटतं, त्यांतल्या जन्मताच गेलेल्यांच्या आयांनाही कुणी विचारलं नसेल. माळ नव्हती म्हणजे कुणी रडलं नाही, असं थोडंच आहे? एखादीजवळ द्यायला काही नसेल. एखादी तापाने फणफणलेली असेल."

मुकादमाने तोंडावर हात घेतला. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. मॅडम उठून गेल्या नाहीत, आणि सांत्वनही केलं नाही. मग त्यानेच डोळे पुसले आणि म्हणाला, "चला. बोलवा त्यांना. उन्हाने प्लॅस्टर तडकेल."

मोसम संपला. मुकादम एकटाच रुग्णालयात जाऊन आला. तिथल्या खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, वीस वर्षांहून जुनी कागदपत्रं ठेवत नाहीत. त्याने ते दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिने जरा मऊ आवाजात तेच सांगितलं.

बायको दहाव्या दिवशी आली. पिशवी ठेवली, खिडकी उघडली, मळलेल्या भांड्यांकडे बघून म्हणाली, "जेवत होतात की नुसतीच भांडी खराब करत होतात?" त्याला हसू आलं नाही, पण छातीवरचं ओझं इंचभर हललं.

"मी रुग्णालयात गेलो होतो," तो म्हणाला. "काही शिल्लक नाही."

"माझ्याशिवाय गेलात?"

त्याने मळलेली भांडी गोळा करायला घेतली.

"याही वेळी एकटेच," ती म्हणाली. मग पदराने चष्मा पुसत, "दफनभूमीच्या कचेरीत विचारलंत?"

"नाही. तुझ्याशिवाय नको म्हटलं."

हे खरं नव्हतं. त्याला सुचलंच नव्हतं. त्याने एक क्षण थांबून तेही सांगितलं. "खरं म्हणजे सुचलं नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली. "उद्या जाऊ."

दफनभूमीच्या कचेरीतला कारकून निवृत्तीला टेकलेला, चष्म्याला दोरी बांधलेला. त्याने कपाळाला आठी न घालता ऐकून घेतलं, तारीख लिहून घेतली आणि आतल्या खोलीत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो कोपरापर्यंत धुळीने माखून, काखेत एक लांबट वही घेऊन.

"तुमचं नशीब म्हणा. या वर्षाची वही वाळवीने सोडली आहे." त्याने पानं उलटली, बोट फिरवलं आणि थांबवलं. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी एकच ओळ होती. 'रुग्णालयाकडून, अर्भकं, नग तीन. पश्चिमेची पट्टी.'

"नग," बायको म्हणाली.

"तशी लिहायची पद्धत होती, ताई." कारकुनाला ओशाळल्यासारखं झालं. "मी नव्हतो तेव्हा. असतो तरी तसंच लिहिलं असतं, खोटं कशाला बोलू."

"तीन मुलं एकत्र?"

"एकत्रच असणार."

"म्हणजे एकटी नव्हती," ती स्वतःशीच बोलली.

मुकादमाने विचारलं, "पश्चिमेची पट्टी कुठे येते?"

कारकुनाने वही मिटली. "बाहेर रस्ता रुंद केला ना, पंधराएक वर्षं झाली. भिंत आत घेतली तेव्हा. आमची हद्द आधी बसस्टॉपपर्यंत होती."

"मग तिथलं... काढलं का काही?"

"काढलं असतं तर नोंद असती. वरून भराव टाकला."

दोघं फाटकातून बाहेर आली. भिंतीला लागून फरसबंदी फूटपाथ, त्यावर पत्र्याच्या छपराचा बसस्टॉप. एका बाकावर दोन कॉलेजच्या मुली मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसल्या होत्या. मुकादमाची नजर सवयीने खाली गेली. फरशा, फरशांच्या फटींत चिकटलेली माती, पलीकडे डांबर. वाचण्यासारखं तिथे काही नव्हतं. त्याने भिंतीपासून बाकापर्यंत पावलं मोजली, मग मोजणंही सोडून दिलं.

बायकोने चपला काढल्या आणि फरशीवर अनवाणी उभी राहिली. मुलींनी वर बघितलं, पुन्हा मोबाइलकडे वळल्या. मुकादमानेही चपला काढल्या. फरशी उन्हाने तापली होती.

त्यांची बस आली आणि गेली. दुसरीही गेली. मुली तिच्यात बसून गेल्या आणि बाक रिकामा झाला, तरी दोघं उभीच होती.

"मी नाव ठेवलं होतं," बायको म्हणाली. "ताप उतरल्यावर, पडल्या पडल्या. एकतीस वर्षं मी मनात तिला त्याच नावाने हाक मारते. रोज नाही. पण मारते."

तो काही विचारायला धजेना. तिच्याजवळ तेवढंच काय ते होतं, आणि ते मागायचा आपल्याला हक्क नाही, हे त्याला कळत होतं. त्याने फक्त मान खाली घातली.

रस्त्यावरून एक ट्रक खडखडत गेला. तो लांब जाईपर्यंत ती थांबली. मग तिने ते नाव सांगितलं, हलक्या आवाजात, शेजारच्याला वेळ सांगावी तसं.

मुकादमाने ते ऐकलं. ओठांतल्या ओठांत जुळवून पाहिलं. मग तोंडाने म्हटलं, पहिल्यांदाच, आणि शेवटी त्याचा आवाज फाटला.

"तसं नाही," ती म्हणाली. "शेवटचं अक्षर लांबवायचं."

त्याने पुन्हा म्हटलं.